उन्हातल्या वाफ्यासाठी छोटं झाड

रोपवाटिकेतली उंची पाहून भुलू नका. पूर्ण वाढल्यावर घेर किती होतो, ते आधी विचारा. दिवसाला किमान 6 तास ऊन मिळत असेल तर माझी पहिली पसंती चाफ्याला. त्याची फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणून सरसकट छाटणी केली की बहर हुकतो. छाटताना हातमोजे घाला, चीक त्वचेला झोंबतो. पाणी साचलं तर मुळं कुजतात. चिकण माती असेल तर वाफा 20-30 सेंमी उंच करा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याइतकाच. बुंधा मातीत गाडला गेला तर साल कुजते, आणि हे कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. कुंडीत गोल फिरलेली मुळं लावण्यापूर्वी सोडवा.

पारिजातकही चालेल, पण रोज सकाळी सडा झाडायची तयारी ठेवा.