मशीन किंचाळली आणि मी खूश झालो

रविवार, रात्री साडेनऊ

खांदा वर होत नाहीये, दोरी ओढून ओढून. सकाळी आठला झाडकापायची मशीन घेऊन बसलो ते दुपारचे तीन वाजले. वळवात बांधावरचा अकेशिया आडवा झालाय, मृगाच्या आत त्याचं सरपण पडवीत गेलं नाही तर आमच्या जांबोटीकडच्या पावसात लाकूड वाळायचं नावच काढायला नको. आणि नेमकी आत्ताच मशीन रुसली. चालू व्हायची, स्लोला भुरभुर करायची, रेस दिली की घुसमटून बंद.

प्लग घासला, एअर फिल्टर धुतला (भुशाचा लाडूच निघाला), टाकीतला फिल्टर नवीन घातला, फरक शून्य. शेवटी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला. यात बाईकसारखा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, नसतो, मशीन आडवीतिडवी धरायची असते ना, म्हणून पेट्रोल किती सोडायचं ते आतला रबरी पडदा ठरवतो. तो पडदा जुन्या एक्सरेसारखा कडक झालेला, आणि पेट्रोल अडवणाऱ्या सुईपाशी पांढरट-हिरवी बुरशी बसावी तसं काहीतरी. चूक माझीच, गेल्या वर्षीचं ऑइल घातलेलं पेट्रोल टाकीत तसंच ठेवलं होतं. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्याकडची पावसाळी हवा म्हणजे पाणीच की. नुसत्या पडद्याचं किटपण मिळतं, पण आतलं धातूच खाल्लेलं, म्हणून काल बेळगावातनं अख्खा कार्बोरेटरच आणला.

दोन लांब बोल्ट, पाइप, रेसची तार, बसवलं की झालं, असं वाटलं. पन्नासेक वेळा तरी दोरी ओढली असेन, साधी भुर्र नाही. आई पडवीतनं दोनदा विचारून गेली, "काय करूलास रे सकाळपास्नं?" काय सांगणार. परत खोललं तेव्हा कळलं, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं गॅसकेट, ती पातळ चकती, उलटं! त्याला एक बारीकसं भोक असतं, इंजिनातला दाबाचा झटका त्या भोकातनं येऊन पेट्रोलचा छोटा पंप हलवतो. मी ते भोकच बुजवून ठेवलेलं. सुलटं केलं आणि चौथ्या ओढीला चालू. त्या गॅसकेटला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही.

मग ट्युनिंग. पेट्रोल कमीजास्त करायचे दोन स्क्रू असतात, एल स्लोचा आणि एच फुल रेसचा. दोन्ही हलके बसवून एकेक आटा उघडले, मशीन गरम होऊ दिली. एल फिरवत स्लो सगळ्यात जास्त कुठं होतो ते बघितलं आणि तिथनं थोडासा ढिला केला, रेस दाबली की लगेच उचलायला लागली. स्लोचा स्क्रू चेन फिरायची थांबेपर्यंत कमी केला. इथपर्यंत शहाणपणा होता. एच मात्र मी पिळत गेलो, कारण पिळेल तसा आवाज चढत होता, अगदी सुरीसारखा, आणि मला वाटलं वा, काय पावर आलीय!

आमच्या फवारणी पंपवाल्या मेस्त्रींना फोन लावला होता, कौतुक ऐकवायला. त्यांनी ऐकलं आणि ओरडले, "मोदलु बंद माड्री!" (कानडीत, आधी बंद करा!) बंद केली. म्हणाले, ही पावर नव्हं, मशीन उपाशी आहे. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलपण कमी, त्यात गरमी, मोकळ्यावर असं किंचाळू दिलं तर पिष्टन जाम. फुल रेसला थोडं फडफड, अडखळल्यासारखं वाजलं पाहिजे आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ झाला पाहिजे. मग फोनवरच: मी एच ढिला करायचो, ते ऐकायचे, "स्वल्प... अजून स्वल्प... साकु." (थोडं... अजून थोडं... पुरे.) बहुतेक पाव आटा गेला असेल. एका पाव आट्यानं माझं हजारोंचं पिष्टन वाचलं, आणि मी त्यांना कौतुक ऐकवायला फोन केलेला!

चार वाजता अकेशियाला लावली. मोकळ्यावर फडफडणारा आवाज बुंध्यात शिरताच एकसारखा झाला. तीन ओंडके झाले, मग चेन बोथट, म्हणजे भुशाच्या जागी पीठ पडायला लागलं. कानस उद्या.

टाकी रिकामी केली, स्लोला चालवून उरलंसुरलं संपवलं. दोनदा साबण लावूनही हाताचा वास जात नाही, आईनं भाकरी लांबनंच ताटात टाकली.