दुधाचा चमचा आणि कच्चे मडके

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली, तेव्हा मी सांगलीत सहावीत शिकत होतो. गुरुवार होता आणि पितृपंधरवडा चालू होता, म्हणजे एरवी देवळांत गर्दी असण्याचे कारण नव्हते. दिल्लीत सकाळी सुरू झालेली ती गोष्ट मोबाइल नसलेल्या त्या काळातही दुपारपर्यंत आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या लहानशा देवळापर्यंत पोहोचली, आणि माझी आत्या एका हातात दुधाचा तांब्या व दुसऱ्या हातात माझे मनगट धरून रांगेत उभी राहिली. आमची पाळी आली तेव्हा तिने स्टीलचा चमचा काठोकाठ भरून संगमरवरी मूर्तीच्या सोंडेला टेकवला आणि किंचित तिरपा केला. दूध थेंबाथेंबाने नव्हे, तर कोणीतरी खरोखरच ओढून घ्यावे तसे एकसारखे कमी होत गेले. "घेतलं रे," असे ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली. मी मात्र उंचीने लहान असल्यामुळे मूर्तीच्या पायांकडे पाहत होतो, आणि तिथे दुधाचे पांढरे थारोळे साचून फरशी चिकट झाली होती.

वडील शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांनी त्या संध्याकाळी आमच्या देव्हाऱ्यातल्या छोट्या संगमरवरी मूर्तीला आधी ओल्या फडक्याने पुसले आणि चमच्यातल्या दुधात चिमूटभर कुंकू कालवून तो सोंडेला लावला. गुलाबी रंगाचा एक पातळ ओघळ सोंडेवरून पोटावर आणि पोटावरून पायाशी उतरला. पृष्ठताण म्हणजे काय, ओल्या दगडावर दुधाचा थर कसा पसरतो आणि पांढऱ्या दगडावर पांढरे दूध का दिसत नाही, हे त्यांनी आम्हा मुलांना समजावून सांगितले. दिल्लीतल्या सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग मिसळून हेच दाखवून दिल्याचे पुढे वर्तमानपत्रांत आले. आत्याने तो सगळा प्रयोग शेवटपर्यंत उभी राहून पाहिला आणि काहीही न बोलता ती कणीक मळायला निघून गेली. त्या वर्षी आतोबांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागत होते. दिवाळीच्या आधी आठ दिवस ते गेले.

देव असेल तर तो उघडपणे समोर येऊन आपले अस्तित्व सिद्ध का करीत नाही, हा प्रश्न मी पुढे बराच वाचला आणि त्याची उत्तरेही वाचली. परंतु प्रत्येक वेळी त्या चमच्याशी येऊन थांबलो. समजा, वडिलांचा प्रयोग चुकला असता, दूध खरोखरच नाहीसे झाले असते आणि जगातल्या साऱ्या प्रयोगशाळांनी तसे लिहून दिले असते, तर नेमके काय सिद्ध झाले असते? फार तर एवढेच की दगडाची मूर्ती दूध पिऊ शकते. मी कॉलेजात गेल्यावर, नव्या नव्या नास्तिकपणाच्या भरात, आत्याला एकदा विचारले होते की तुला अजूनही वाटते का त्या दिवशी देव दूध प्यायला. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "प्यायला असेल. पण त्याला दूध पिता येतं का, हे मी कुठं विचारलं होतं?"

विद्वानांनी दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत मान्यता पावलेले उत्तर मानवी स्वातंत्र्याचे आहे. देव जर दुपारच्या सूर्यासारखा डोक्यावर तळपत राहिला, तर कोणीही चांगले वागेल ते भयाने किंवा आशेने वागेल, कर्तव्यबुद्धीने वागणार नाही, आणि माणसाचे वर्तन कळसूत्री बाहुल्यांसारखे होईल, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८८ साली लिहून ठेवले आहे. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक डोळ्यांत तेल घालून उभा असेल, तर कोण प्रामाणिक आणि कोण भित्रा हे कळायला मार्ग उरत नाही, असा या युक्तिवादाचा साधा आशय. तो वाचताना पटतो. मात्र ज्याचे बालपण पुराणांतल्या कथा ऐकण्यात गेले आहे, त्याला तो फार वेळ पटत राहू नये.

कारण आपल्या पुराणांत देवाचे अस्तित्व नाकारणारे थोडे आणि त्याला उघड उघड विरोध करणारेच फार. हिरण्यकश्यपूसमोर ब्रह्मदेव प्रत्यक्ष उभा राहिला, त्याच्याशी बोलला, त्याने मागितलेला वर देऊन गेला; आणि त्यानंतर हिरण्यकश्यपूने काय केले, तर देवाऐवजी माझीच पूजा करा असे फर्मान काढले. रावणाला शंकर आहे की नाही ही शंका कधीच नव्हती. सर्वांत बोलके उदाहरण दुर्योधनाचे आहे. शिष्टाईला आलेल्या कृष्णाला बांधून टाकण्याचा त्याने घाट घातला, तेव्हा कौरवांच्या भरसभेत कृष्णाने विश्वरूप दाखवले, राजेलोकांनी भयाने डोळे मिटून घेतले, आणि तरीही युद्ध टळले नाही. कांटच्या म्हणण्याप्रमाणे त्या क्षणी दुर्योधनाची बाहुली व्हायला हवी होती. ती झाली नाही. अर्जुनाचीही गत फार वेगळी नाही. विश्वरूप पाहून तो थरथर कापला आणि आपले ते नेहमीचे सौम्य रूप परत दाखव म्हणून गयावया करू लागला. पुढे युद्ध संपल्यावर, महाभारतातल्याच अनुगीतेच्या आरंभी, रणांगणावर तू जे सांगितलेस ते सारे मी विसरून गेलो, अशी सरळ कबुली त्याने कृष्णाला दिली आणि कृष्णाची बोलणी खाल्ली. ज्याने प्रत्यक्ष पाहिले आणि प्रत्यक्ष ऐकले त्याचा हा हिशेब. तेव्हा पुरावा दिला तर माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाईल ही भीती मला अनाठायी वाटते. माणूस पुरावा पाहूनही आपल्याला हवे तेच करतो आणि सोयीने विसरतोही.

(देवाच्या वतीने पुरावे देण्याचे काम बहुतेक माणसांनाच करावे लागलेले आहे, हेही जाता जाता नोंदवतो. दहाव्या शतकातला मिथिलेचा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तर्कपंडित, उदयनाचार्य याने ईश्वराच्या सिद्धीसाठी अख्खा ग्रंथ रचला. तो जगन्नाथपुरीला दर्शनाला गेला तेव्हा देवळाचे दार बंद होते, आणि संतापून तो देवाला म्हणाला की ऐश्वर्याच्या मदात तू आज माझी उपेक्षा करतो आहेस, पण बौद्ध वादाला उभे राहिले की तुझे अस्तित्व माझ्याच हाती असते. दंतकथा असेल, पण ज्याने रचली त्याला या प्रश्नातली गंमत पुरती कळली होती.)

वारकरी परंपरेत हाच प्रश्न दुधाच्या वाटीतूनच पुढे येतो. वडिलांनी सांगितले म्हणून नैवेद्य घेऊन गेलेला लहानगा नामदेव विठ्ठलासमोर हटून बसतो, तू प्यायला नाहीस तर डोके आपटून प्राण देईन म्हणतो आणि विठ्ठल दूध पितो, ही कथा मराठी घरांत बहुतेक सर्वांना ठाऊक असते. १९९५ च्या त्या दुपारी रांगेतल्या कितीतरी बायकांच्या तोंडी नामदेवाचेच नाव होते. परंतु कथेचा पुढचा भाग रांगेत कोणी आठवत नाही. देव ज्याच्या हातचे खातो आणि ज्याच्याशी बोलतो असा हा नामदेव पुढे संतांच्या मेळ्यात बसलेला असताना, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी आपले मडकी थापटायचे थापटणे घेतले आणि ओळीने एकेकाच्या डोक्यावर मारून मडके भाजले आहे की नाही ते पाहिले. बाकीचे निमूट बसले. नामदेव चिडला, आणि निकाल लागला तो असा, की एवढे एकच मडके कच्चे आहे.

मला या कथेचे फार नवल वाटते. त्या सबंध मेळ्यात देवाच्या अस्तित्वाचा सर्वांत भक्कम पुरावा ज्याच्यापाशी होता, त्यालाच परंपरेने कच्चा ठरवले. तो रडत विठ्ठलाकडे गेला तर विठ्ठलानेही बाजू घेतली नाही, गुरू कर म्हणून त्याला औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे धाडले. तिथे पाहतो तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत पहुडलेले. नामदेव रागावला, तेव्हा ते म्हणाले की मी म्हातारा झालो आहे, जिथे देव नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेवाने पाय उचलून जिथे जिथे नेले तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही हकीगत इतिहास म्हणून कोणी तपासू नये. तो तिचा प्रांत नव्हे. पण पुराव्याविषयीचा एक स्पष्ट विचार तिच्यात आहे. देव एका ठिकाणी, एका मूर्तीत, आपल्या डोळ्यांसमोर येऊन काहीतरी करून दाखवतो, म्हणजे तो इतर ठिकाणी नाही असे आपण न बोलता धरून चाललेलो असतो. आम्ही जो पुरावा मागतो, त्यातच ती कमतरता भरलेली असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते आणि ते पाणी पिऊ नका असे प्रशासन सांगत होते. तेव्हाही नेहमीच्या नळाला येणारे पिण्यालायक पाणी हा चमत्कार कोणी मानत नव्हते.

इथवर लिहून थांबलो असतो, तर ते भाविकांना सोयीचे झाले असते. पण माझे समाधान होत नाही. जे. एल. शेलेनबर्ग या कॅनडातील तत्त्वज्ञाने १९९३ पासून लावून धरलेला आक्षेप या सगळ्या कथांना पुरून उरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देव जर पूर्ण प्रेमळ असेल, तर ज्याला त्याच्याशी नाते जोडण्याची इच्छा आहे आणि ज्याच्या मनात कसलाही आडमुठेपणा नाही, अशा माणसाला तो निदान आपण आहोत एवढे तरी कळू देईल, पण मनापासून शोधूनही ज्यांच्या हाती काहीच लागले नाही अशी माणसे जगात आहेत, म्हणून तसा प्रेमळ देव नसावा. दुर्योधनाचे उदाहरण इथे उपयोगाचे नाही, कारण तो शोधत नव्हता. गोरोबांचे थापटणेही उपयोगाचे नाही, कारण नामदेवाला निदान आधी भेट मिळाली होती. लेकरू अंधारात रडत असेल, तर आई पलीकडच्या खोलीतून नुसते "आहे मी" म्हणते. त्याने लेकराचे स्वातंत्र्य जात नाही आणि मडकेही कच्चे राहत नाही. हे दोन शब्द ऐकू का येऊ नयेत, याचे उत्तर मला कुठल्याही ग्रंथात सापडलेले नाही, आणि ते सापडल्याचा आव आणणाऱ्या प्रवचनकारांसमोर मला बसवत नाही.

आतोबा गेले त्या रात्री आत्याने देवाला काय विचारले असेल, हे मी तिला कधीच विचारू शकलो नाही. ती नास्तिक झाली नाही आणि त्यानंतर कुठल्या चमत्काराच्या रांगेतही उभी राहिली नाही. आता तिचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. सकाळी आंघोळ झाली की ती देव्हाऱ्यासमोर दुधाची चांदीची वाटी ठेवते, वर तुळशीचे पान टाकते, पाण्याचे मंडल करून हात जोडते आणि आपल्या कामाला लागते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी मुद्दाम तिथेच पेपर वाचत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी ती आली, पान बोटाने बाजूला केले आणि वाटीत डोकावलीदेखील नाही, दूध होते तेवढेच्या तेवढे गॅसवरच्या चहात ओतले आणि माझ्यासमोर कप ठेवत म्हणाली, "घे, गार होईल."