पावसाच्या सावलीतून पंढरीकडे

दिवेघाट चढून वर आलं की आभाळ तेच राहतं, पाऊस मात्र हात आखडता घेतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस पुण्यात 700 च्या आसपास असतो, आणि फलटण-माळशिरसकडे 500 च्या घरात. पश्चिमेचे ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात. अलीकडे येतं ते उरलंसुरलं. पुस्तकात ही पर्जन्यछाया दोन ओळींत उरकते. माउलींच्या पालखीबरोबर चाललं की ती पायाखालून जाते.

सासवड सोडलं की झाडं बुटकी आणि काटेरी होत जातात. बाभूळ, बोर, हिवर. पानं बारीक, म्हणून उन्हात पाणी कमी उडतं. मुळं खोल. काट्यांमुळे शेळ्यांच्या तोंडून थोडा पाला वाचतो.

आमची दिंडी रथामागची. वाल्ह्याच्या अलीकडे विसाव्याला बसलो, तर रस्त्याकडेला बैलांच्या शेणाचा पो आणि त्यावर शेणकिडे जमलेले. एकाने बोराएवढी गोळी केली आणि डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, असा उलटा चालत ती ढकलत निघाला. चढ आला, गोळी घरंगळली, तो पुन्हा तिच्यामागे. ओल्या मातीत ती पुरली जाणार, तिच्यात अंडं घातलं जाणार आणि अळी तेच खाऊन वाढणार. खत आपोआप जमिनीत जातं, बिळातून पाणी मुरतं. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी आली. “काय बघताय, माऊली?” मी दाखवलं. तिने लुगडं आवरलं आणि मागच्या बायांना म्हणाली, “बायांनो, कडेनं चला गं, जीव आहे तिथं.”

लोणंदच्या पुढे पावशा ओरडत होता. शेजारी चालणारे परभणीकडचे मामा म्हणाले, “पेरते व्हा म्हणतोय, पण वाफसा कुठाय?” जमिनीत पेरणीजोगी ओल अजून नव्हती. मी त्यांना सांगितलं, मामा, तो जोडीदारासाठी ओरडतोय. पावशा घरटं बांधत नाही, मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. पावसाने किडे-अळ्या वाढतात, पिलांना खाऊ मिळतो, म्हणून सातभाई या दिवसांत वीण करतात आणि पावशाला तीच वेळ साधावी लागते. मामा थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, “म्हणजे पेरणी त्याचीपण हायेच की.”

नीरा ओलांडल्यापासून एक गोष्ट मला छळत होती. पाऊस घटत जातो तसा ऊस वाढत जातो. हे आभाळाचं देणं नाही. भाटघर आणि वीर धरणांचं पाणी नीरा उजव्या कालव्याने इकडे येतं. त्या पाण्याने घरं उभी राहिली, ते मला मान्य आहे. पण कालवा पोचत नाही तिथला माळ सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून पडतो, आणि ते मला पटत नाही. तो उजाड नाही. पवन्या, कुसळी, मारवेल अशा गवतांवर टोळ-नाकतोडे जगतात, त्यांच्यावर चंडोल. गवतावर ससे आणि चिंकारा, त्यांच्यावर लांडगा. जेजुरीच्या पूर्वेला सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच राखलंय, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. चंडोल जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतो. तिथे दाट झाडी झाली की सावलीत गवत मरतं आणि चंडोलाला जागाच उरत नाही.

हे सांगायचं कारण, तरडगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीत बीजगोळे, म्हणजे झाडांच्या बिया घालून वळलेले मातीचे गोळे, वाटले. वाटेतल्या माळांवर टाकायचे होते. हेतू चांगलाच, पण मी विणेकरी महाराजांना विनंती केली की माळ सोडून रस्त्याकडेला टाकू, पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात जुनी झाडं गेली त्या बाजूला. थोडी चर्चा झाली. कुणी म्हणालं, झाड कुठेही लावलं तरी पुण्यच. तेव्हा माळशिरसकडचे एक धनगर आजोबा उठून म्हणाले, “माळावर गवात ऱ्हाऊ द्या, माऊली. आमची मेंढरं त्यावरच हायेत.” बीजगोळ्यांची पोती दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेलाच रिकामी झाली.