हिवाळी ट्रेकची तयारी, नोंद 6: पायाची बोटं बधिर होण्याचं कारण सापडलं

मागच्या नोंदीत सगळा दोष दोन जाड मोज्यांवर टाकला होता, तो मागे घेतोय. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या गेल्या बॅचमध्ये बेस कॅम्प सोडल्यावर अर्ध्या तासात बोटं बधिर होत होती. त्याचं मुख्य कारण मायक्रोस्पाइकचं, म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्यांचं, रबर निघालं.

शोध लागला तो घरच्या फ्रीजरमध्ये. फ्रीजर साधारण उणे 18 अंशांवर असतो आणि शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघताना थंडी याहून फार वेगळी नसते. स्पाइकचे दोन जोड रात्रभर आत ठेवले आणि सकाळी लगेच बुटांवर चढवले. एका जोडाचं रबर तसंच लवचीक राहिलं. दुसऱ्या, स्वस्त जोडाचं इतकं कडक झालं की पुढच्या पट्ट्याने मऊ बुटाचा चवडा वरून दाबून धरला. बूट आधीच घट्ट असेल तर तेवढा दाब रक्तप्रवाह मंदावायला पुरतो. सह्याद्रीत आपण वापरतो ते बूट पुढून मऊच असतात, त्यामुळे हा त्रास आपल्याला जास्त होतो.

मग दोन जाड मोज्यांनी काय बिघडत होतं? तेही जागा खात होते. बुटाचा नंबर तोच ठेवून मोजे वाढवले की बोटांभोवतीची हवा संपते, आणि ऊब खरं तर त्या हवेचीच असते. आता एक पातळ सिंथेटिक मोजा आणि त्यावर एकच मध्यम जाडीचा लोकरीचा, एवढंच. दोन्ही घालून, बुटातली इनसोल बाहेर काढून तिच्यावर उभं राहायचं. पुढे 12 ते 15 मिलिमीटर जागा उरली पाहिजे. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेले असतात. दुकानात उताराची फळी असेल तर तिच्यावर चालून बघा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट नको.

नंबर मोठा घेतला की टाच उचलली जाते आणि फोड येतात. त्यावर उपाय लेसचा: घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ देऊन टाच आवळायची आणि चवड्यावर लेस सैल ठेवायची. तरीही टाच हलत असेल तर फेल्टची इनसोल घाला. ती जागा भरते आणि बर्फाकडून येणारा गारवाही अडवते.

स्पाइक बुटाच्या नंबरावरून घेऊ नका, बूट सोबत नेऊन चढवून बघा. सांकरीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्याने मिळतात, तिथे त्यांना सर्रास क्रॅम्पॉन म्हणतात. भाड्याचं रबर ताणून पाहा आणि कडांना चिरा आहेत का तेही बघा. आमचं ठाम मत: गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) भाड्याने चालतील, स्पाइक स्वतःचे असावेत.

रात्री बूट तंबूच्या आत, पिशवीत घालून ठेवा. ओला बूट बाहेर राहिला तर सकाळी लाकूड होतो. बोट बधिर झालंच तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. सोबत्याच्या पोटाशी किंवा काखेत धरून ऊब द्या.

चढाईची तयारी ठरल्याप्रमाणे चालू आहे. आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर 8 किलो, आठवड्यातून दोनदा. थांबे कमी होत चाललेत, याचा मनापासून आनंद आहे. सोबत 20 सेंटिमीटरच्या पायरीवरून हळू उतरणं, 15-15 चे तीन सेट. गुडघे दुखतात ते उतरताना, चढताना नाही.

ग्रुप निवडताना फोटो बघू नका, प्रश्न विचारा. लीडरने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तत्सम संस्थेचा बेसिक कोर्स केलाय का? किती जणांमागे एक गाइड? परत फिरण्याची ठरलेली वेळ कोणती? शेवटच्या प्रश्नाला "बघू, हवामानावर आहे" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप शोधा. ज्यांना मुळापासून शिकायचंय त्यांनी पुण्यात गिरिप्रेमी या गिर्यारोहण क्लबच्या संस्थेचे कोर्स बघावेत. पण घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवणं बर्फावरच, प्रशिक्षकासमोर शिकावं लागतं. कोरड्या कातळावर त्याचा सराव होत नाही.

हे लिहितानाच एक सुचलं. नाशिककडे द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं शून्य अंशाच्या आसपास चालतात. चालून घाम आल्यावर तिथे 40 मिनिटं उभं राहिलं तर मोजे आणि बूट दोन्हींची परीक्षा होईल, कारण बोटं गोठतात ती थांबल्यावर. मालकाची परवानगी हवी, दाराबाहेर एक माणूस हवा आणि खोली रिकामी हवी, कारण द्राक्षांच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू सोडणारे पॅड असतात. ऑक्सिजन कमी ठेवलेल्या सीए (नियंत्रित हवेच्या) खोलीत तर पाऊलही टाकायचं नाही. म्हणून पुढच्या रविवारचा हरिश्चंद्रगड पुढे ढकलतोय. आधी कोल्ड स्टोरेज. नाशिककरांपैकी कुणाची ओळख असेल तर कळवा.