तुम्ही विचारलंत म्हणून: दारू एकदम बंद केली तर चालेल का?

हा प्रश्न आमच्या नाशिक जिल्ह्यात बहुतेक वेळा बायका विचारतात. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर टोळीने आलेली मजूरबाई विचारते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेल्या पोराची आई विचारते, मालेगावात लूमवर रात्रपाळी करणाऱ्याची बहीण विचारते. शब्द वेगळे, प्रश्न एकच: "त्याला घरात कोंडून ठेवलं आणि थेंबभरही दिली नाही, तर सुटेल ना?"

ज्याच्यासाठी तुम्ही विचारताय त्याच्या बाबतीत उत्तर बहुधा 'नाही' असंच आहे. कधीमधी पिणाऱ्याच्या घरचे हा प्रश्न घेऊन येत नाहीत. जो रोज पितो, ज्याला सकाळी डोळा उघडल्यावर आधी घोट लागतो, त्याच्याच घरचे येतात. आणि त्याचीच दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं.

दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज तो दाब असताना जागं राहायचं, चालायचं, काम करायचं, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं स्वतःला उलट बाजूने ताणून धरायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली की दाब जातो, ताण मात्र तसाच उरतो. त्या ताणाने शरीर उधळतं. यात निश्चयाचा, हट्टाचा किंवा संस्काराचा काही संबंध नाही, हे घरच्यांना पटलं तर अर्धी भांडणं तिथेच थांबतात.

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावायचं. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, जीव घाबरा होतो, झोप लागत नाही. फिट येणार असेल तर ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच येते. काहींना पहिल्या दिवसापासून आवाज ऐकू येतात. सगळ्यात वाईट ते दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत. माणसाला वार कळत नाही, घरात असून "मला घरी न्या" म्हणतो, भिंतीवर किडे दिसतात, अंथरुणावरून न दिसणारं काहीतरी वेचत राहतो, अंगात ताप, छाती धडधडते. यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. वेळेत दवाखान्यात पोचलेले बहुतेक जण वाचतात.

आपल्याकडे याच तिसऱ्या दिवशी घोटाळा होतो. पहिले दोन दिवस बरे गेले म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तिसऱ्या रात्री तो बडबडायला लागला की "वारं लागलं", "बाहेरचं आहे" म्हणून भगताकडे नेतात. भगताकडे जायला माझी ना नाही, माणसाला धीर लागतो. पण आधी शेवटची दारू कधी प्यायला ते मोजा. दोन ते चार दिवस झाले असतील तर आधी दवाखाना.

नवरात्रात तर हे हमखास होतं. घटस्थापनेला दारू बंद, वर नऊ दिवसांचा उपवास, शिवाय गडावर सप्तशृंगीला पायी. दुसऱ्या माळेला फिट, नाहीतर तिसऱ्या माळेला भ्रम. श्रावणात तेच, निवृत्तिनाथांच्या दिंडीत माळ घालून निघालेल्यांचंही तेच. माळ घालणं ही फार मोठी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं कोरडं राहायला माळेने जेवढा आधार दिलाय तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल. फक्त क्रम बदला: आधी आठ-दहा दिवस औषध घेऊन शरीर सावरू द्या, मग माळ घाला. आणि त्या दिवसांत उपवास नको. पिणाऱ्याचं पोट आधीच रिकामं असतं, त्यात साखर आणखी खाली जाते.

घरी सोडवायचीच नाही असा माणूस कोणता? आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आलेला किंवा भ्रम झालेला. सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत तो. कावीळ झालेला, पोटात पाणी झालेला, डोक्याला मार लागलेला, म्हातारा, गरोदर बाई, सोबत झोपेच्या गोळ्या खाणारा, दोन-तीन दिवस काही न जेवलेला, जगायचं नाही असं बोलणारा. आणि रात्री ज्याच्याजवळ बसायला कुणी नाही तो, म्हणजे नाक्यावर उभा राहणारा, बांधकामाच्या साइटवरच झोपणारा एकटा मजूर. यातलं एक जरी लागू असलं तरी भरती. "मागे दोनदा घरीच सोडली, काही झालं नाही" हा भरवसाही धरू नका. दर वेळी सोडून परत धरली की पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. दोनदा निभावलं म्हणून तिसऱ्यांदा निभावेलच असं नाही.

दवाखान्यात जायला चार दिवस लागणार असतील तर? ऐकायला विचित्र वाटेल, पण तोवर एकदम तोडू नका. रोजचं माप ठरवून तेवढ्यावर स्थिर ठेवा, सकाळची आणि रात्रीची वेळ ठरवा. डॉक्टर मिळायला खरोखरच उशीर असेल तर दर चार दिवसांनी साधारण दहावा भाग कमी करा. हात थरथरायला लागले तर आदल्या मापावर परत या. एक सूचना मात्र कडक: हातभट्टीच्या दारूत हे माप धरता येत नाही, कारण तिची तीव्रता दर खेपेला वेगळी असते आणि तिच्यात काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं.

फिट आली तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, हातात किल्ल्या देऊ नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, आसपासची विळी-कोयता-चूल दूर करा आणि मोबाइलवर वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, की १०८. ही पहिलीच फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना. भ्रम झालेल्याला बांधू नका. बांधलेला माणूस ओढाताण करून आणखी तापतो. दिवा चालू ठेवा, ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या, त्याने नावाने हाक मारून "तू घरी आहेस, आज गुरुवार आहे" असं पुन्हा पुन्हा सांगावं आणि तेवढ्यात गाडी बोलवावी.

आता सलाईन. "दोन बाटल्या लावा डॉक्टर, अंगातली दारू धुऊन निघेल," हे मी गावोगाव ऐकते. सलाईनने दारू धुऊन निघत नाही. उलट रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं. मग तोल जातो, नजर हलत राहते, बुद्धी भ्रमते, आणि वेळ निघून गेली तर आठवण कायमची जाते. म्हणून सलाईन लावताना नम्रपणे एवढंच विचारा: "हे रोज पितात. बी-वनचं इंजेक्शन आधी दिलंय ना?" आपल्या माणसासाठी इतकं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हेच हाडाच्या किंवा पोटाच्या दवाखान्यातही सांगायचं. परांचीवरून पडून पाय मोडला, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी पेशंट पलंगावरून उठून पळायला लागला, असं होतं. घरच्यांनी लाजेने दारूची गोष्ट सांगितलेली नसते. भरतीच्या वेळीच सांगा: रोज किती क्वार्टर, किती वर्षं, पहिली किती वाजता, शेवटची कधी.

डॉक्टर साधारणपणे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या तोच ताण सांभाळतात आणि रोज थोड्या कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद होतात. डबी घरच्यांनी आपल्याकडे ठेवावी, गोळी समोर बसून द्यावी. त्या दिवशी तो प्यायला असेल तर गोळी न देता फोन करून विचारा, कारण दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो. दहा दिवस संपल्यावर मेडिकलमधून तीच पट्टी परस्पर आणू नका. एका व्यसनाच्या जागी दुसरं येऊन बसतं.

'न सांगता जेवणातून द्या, महिन्यात दारू सुटेल' अशा पुड्या घेऊ नका. त्यांतल्या काहींत काय आहे ते छापलेलंच नसतं. डायसल्फिराम हे औषध खरं आहे आणि काहींना उपयोगी पडतं, पण ते त्याच्या संमतीनेच, तपासण्या करून, शेवटच्या दारूनंतर किमान २४ तासांनी सुरू करतात. ते पोटात असताना प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जीव जातो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. वरणात कालवून दिलेल्या गोळीबद्दल त्याला माहीतच नसेल तर तो सावध कसा राहील?

मालेगावच्या बहिणींना वेगळं सांगायला हवं. तिकडे लूमवर जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुधा अल्प्राझोलाम असते. तीही दारूसारखीच: एकदम बंद केली की फिट येते. रागाच्या भरात पट्ट्या गटारात टाकू नका. रिकामी पट्टी आणि दिवसाला किती गोळ्या हा आकडा घेऊन मानसोपचार डॉक्टरांकडे जा. ती कमी करायला आठवडे, कधी महिने लागतात. खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपचं उलट आहे. ते बंद केल्यावर अंग मोडून येतं, जुलाब होतात, नाक गळतं, आठवडाभर माणूस बेजार होतो, पण सहसा जिवाला धोका नसतो. ओआरएस पाजत राहा, औषधही मिळतं. तिथे खरा धोका पुढे आहे: महिनाभर बंद ठेवून माणूस जुन्याच मापाने पुन्हा घेतो, शरीराला ते माप आता पेलत नाही, आणि श्वास थांबतो. एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) बंद केली की फिटपेक्षा उदासी येते, गाढ, काळीकुट्ट. ते पहिले आठवडे पोराला एकटं सोडू नका. नाशिकरोड स्टेशनच्या आसपास पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी लहान मुलं दिसली तर ओरडून मागे धावू नका. हुंगल्यावर दचकून पळताना हृदयाचा ठोका बिघडून मूल जागीच जाऊ शकतं. शांतपणे जवळ बसा आणि मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन करा.

दारूने मन उदास झालं की मन उदास म्हणून दारू? बरेचदा दोन्ही. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवडे थांबून पाहतात, कारण अनेकांची उदासी तेवढ्यात आपोआप उतरते. उरली तर तिच्यावर वेगळे उपचार. पण "आधी दारू सोड, मग ये" असं सांगून मनाच्या आजाराच्या पेशंटला परत पाठवलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. दोन्ही उपचार एकत्रच चालायला हवेत. आणि आत्महत्येच्या विचाराला चार आठवडे थांबता येत नाही. सरळ विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार रुजत नाही, बोलायला वाट मिळते. बागायतदारांनो, फवारणीच्या औषधांची खोली कुलपात ठेवा आणि किल्ली घरात नको, खिशात ठेवा. मजुरांची खोपी त्या खोलीला लागून असते.

कामाचा हंगाम पाहूनच तारीख धरा. गोळ्यांनी झोप येते, त्या दिवसांत मोटारसायकल, प्रेस, लूम, पॉवर टिलर काहीच चालवायचं नाही. भातलावणी उरकल्यावर आणि द्राक्षाची गोडी छाटणी जोरात येण्याआधी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पेठ-सुरगाण्याच्या माणसाला दहा दिवस काढता येतात. मुकादमाशी बोलून उचल आणि पगार काही महिने बायकोच्या खात्यात घ्या. बाजाराच्या दिवशी रोख हातात नको.

जायचं कुठे? नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवरून मराठीत बोलायला टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्ती केंद्राची माहिती हवी असेल तर १४४४६, दोन्ही फुकट. खासगी केंद्रात ठेवणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: नोंदणी आहे का, मानसोपचार डॉक्टर कधी येतात, रात्री दोनला फिट आली तर कोण पाहतं, पेशंटला घरी फोन करू देता का. साखळीने बांधणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलेलं आहे आणि व्यसनातून आलेला मानसिक त्रास याच कायद्यात मोडतो. मारझोड 'शिस्त' म्हणून खपवणाऱ्या केंद्रातून माणूस त्याच दिवशी परत आणा.

आणि निघताना वहीच्या पानावर एवढं लिहून घ्या: शेवटची दारू कोणत्या दिवशी किती वाजता, रोजचं माप, किती वर्षं, याआधी किती वेळा सोडली आणि तेव्हा काय झालं, फिट कधी आली का, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, शुगर किंवा काविळीचा इतिहास, मागच्या दोन दिवसांत काय खाल्लं. ही चिठ्ठी त्याच्या खिशात नको, तुमच्या ब्लाउजच्या नाहीतर पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा. वाटेत त्याची शुद्ध हरपली तर केसपेपर काढताना त्याच्या वतीने तुम्हालाच बोलायचंय.