गाइड चाहिये, साब?

मुक्काम लहान असला की आमच्या घरात हमखास एक वाद रंगतो, गाइड घ्यायचा की नाही. "पैसे मोजून मेंढरांसारखं कुणाच्या मागे फिरायचं?" हा नवऱ्याचा पक्ष. "सांगणारं कुणी नसलं तर सगळे दगड सारखेच दिसतात," हा सासूबाईंचा. मी प्रत्येक ठिकाणी बघून पक्ष बदलते.

अहमदाबादचंच घ्या. रात्री मुंबईहून गुजरात मेलमध्ये बसलं की सकाळी अहमदाबाद. शनिवार-रविवारात बसणारं शहर. तिथल्या महापालिकेची हेरिटेज वॉक १९९७ पासून सुरू आहे. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतून चालत जामा मशिदीपर्यंत पोचायचं. वाटेत लागतात त्या पोळ. एका दरवाजाआडची वस्ती, एकमेकांना खेटलेली कोरीव लाकडी घरं, चौकात पाखरांना दाणे टाकायचा उंच चबुतरा, काही घरांत अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं.

हे सगळं मोबाइलवर वाचता येतं, हे नवऱ्याचं म्हणणं खरंच आहे. पण पोळमध्ये एकट्यानं शिरून बघा. ओट्यावर भाजी निवडणारी बाई मान वर करते आणि "कोणाकडे?" हा प्रश्न न विचारताच आपल्यापर्यंत पोचतो. फोटोसाठी वर केलेला हात आपण गुपचूप खाली घेतो आणि पत्ता शोधत असल्याचं नाटक करत मागे फिरतो. गाइड बरोबर असला की तीच बाई त्याला "केम छो" म्हणते आणि पुन्हा भाजीकडे वळते. शिवाय एका पोळमधून दुसऱ्या पोळमध्ये निघणारी चोरवाट त्यालाच ठाऊक. तेव्हा मी पैसे देते ते लोकांच्या दारात रेंगाळायच्या परवान्याचे. माहिती वर फुकट.

आणि ती माहिती तशीच घ्यावी. सशानं शिकारी कुत्र्यांवर चाल केली, ते पाहून अहमदशाहानं १४११ मध्ये इथं शहर वसवलं, ही गोष्ट ऐकल्याशिवाय अहमदाबादेतून सुटका नाही. हाच ससा विजयनगरच्या स्थापनेच्या कथेतही भेटतो. सशाचा एवढा मोठा कारभार पाहून मी दोन्हीकडे मान डोलावली.

सिदी सैयद मशिदीच्या दगडी जाळीसमोर मात्र गाइड नकोच. लाल दरवाजाच्या रहदारीला लागून ती मशीद उभी आहे. दगडात कोरलेल्या फांद्या एकमेकींत कशा गुंतल्यात ते डोळ्यांनीच शोधायचं असतं, तिथं कानाशी कुणी बोलायला लागलं की फांदी हातची सुटते. अडालजच्या वावेचंही तेच. १४९९ मधली पाच मजली विहीर. पायऱ्या उतरता उतरता ऊन वर राहतं आणि गारवा अंगाला लागतो, त्याला निवेदन कशाला? सुलतान महमूद बेगडा आणि राणी रूडाबाई यांची गोष्ट तर सांगायची गरजच नसते, शेजारच्या ग्रुपला कुणीतरी मोठ्यानं सांगतच असतं. विहीर बांधून दे मग लग्न करते, म्हणत राणीनं शेवटी त्याच पाण्यात उडी घेतली म्हणे.

राहिली दिवसभराची 'संपूर्ण दर्शन' बस. साबरमती आश्रमाला धावती भेट आणि बांधणीच्या दुकानात तासभर, असा जिचा हिशेब, तिच्या वाटेला मी जात नाही. सासूबाई जातात, पण त्या बांधणीसाठी.

मोबाइलला न जमणारं एक काम मात्र गाइड करतो. समोर कोण उभं आहे ते बघून तो बोलतो. आम्ही पुण्याचे आहोत हे आमच्या गाइडला सुरुवातीलाच कळलं होतं. सुलतान, मुघल यांच्यावर भरभरून बोलणारा हा गृहस्थ अठराव्या शतकाशी आला आणि "फिर मराठे आए, १८१७ में अंग्रेज़ आए" एवढं म्हणून झपझप पुढे चालू लागला. मधली काही दशकं पेशवे आणि गायकवाड हे शहर वाटून घेऊन बसले होते, त्यांचं काय? मी मागे लागले. दोनदा टाळून तिसऱ्यांदा तो हसला. "मॅडम, टॅक्स बहुत लेते थे आप लोग."

वॉक संपल्यावर नवरा पाकीट काढत होता. सासूबाई त्याच्या कानाशी लागल्या, "त्याला थोडे जास्तच दे रे. मागची बाकी आहे."