तळहातावर लिहिलेली ओळ

संक्रांतीच्या दिवशी दुपारी साठीच्या एका बाईंना धुळ्यातल्या आमच्या रुग्णालयात आणले. अमळनेर तालुक्यातल्या या माय त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थक्षेत्री गेल्या होत्या. पहाटेच्या थंडीत त्यांनी तापीत डुबकी मारली, घाटाच्या पायऱ्या चढून वर आल्या आणि सुनेला विचारले, "हाई कोनतं गाव शे?" सुनेने सांगितले. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, त्याच सुरात. केदारेश्वराचे दर्शन राहून गेले.

तपासणीत हात, पाय, वाचा, नजर, सारे व्यवस्थित होते. स्वतःचे नाव, माहेरचे गाव, थोरल्या मुलाच्या लग्नात आलेला अवकाळी पाऊस, हे त्यांनी न अडखळता सांगितले. मी दिलेले तीन शब्द त्यांनी लगेच म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी मात्र ते शब्दच काय, मी काही शब्द दिले होते हेही त्यांना माहीत नव्हते. त्यांची घालमेल बघून सुनेने बॉलपेनने त्यांच्या डाव्या तळहातावर लिहिले होते, "आत्याबाई, आपण धुळ्याच्या दवाखान्यात आहोत. सगळे ठीक आहे." माय एकेक अक्षर लावून वाचत, शांत होत, आणि थोड्या वेळाने तोच तळहात पाहून चकित होऊन विचारत, "हाई कोनी लिखं?"

निदान मनात आले होते: ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया, म्हणजे काही तासांपुरता नव्या आठवणी बनणे थांबणे. थंड पाण्यात अचानक शिरणे हे त्याचे एक परिचित निमित्त आहे. तरी अपस्माराचा झटका नाही ना, याची खात्री करण्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला. तो निर्दोष आला. डोळे मिटल्यावर सेकंदाला नऊ आवर्तनांची अल्फा लय उमटत होती आणि डोळे उघडताच मोडत होती. नव्या आठवणी घडवणाऱ्या ज्या हिप्पोकॅम्पस या भागाबद्दल मला शंका होती तो कानशिलाच्या आत खोलवर असतो आणि त्याची थीटा नावाची विद्युत लय डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत क्वचितच पोहोचते, हे ठाऊक असूनही, पडद्यावरच्या त्या स्वच्छ रेघा आणि शेजारी तोच प्रश्न विचारणाऱ्या माय हे दृश्य मला अस्वस्थ करून गेले.

मग मी त्यांना व्हरांड्यात फिरायला नेले. वळणावर पाण्याचा माठ, पुढे खिडकी, खिडकीतून निंबाचे झाड. परत येऊन त्यांना माठापर्यंत जायला सांगितले, तर त्या दारातच उभ्या राहून दोन्हीकडे पाहू लागल्या. तीनदा नेले, तिन्ही वेळा त्यांनी निंबाकडे पहिल्यांदा पाहावे तसे पाहिले. कुतूहल शाबूत होते, पावलेही शोध घेत होती, पण त्या शोधाचा ठसा उमटत नव्हता.

उंदराला अनोळखी जागेत सोडले की तो हुंगत हिंडतो आणि तेवढा वेळ त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा उठणारी थीटा लय चालू असते. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या स्थानपेशी, म्हणजे प्राणी ठरावीक जागी आला की जाग्या होणाऱ्या पेशी, याच लयीच्या तालावर आपापली जागा नोंदवतात. हिप्पोकॅम्पसमधल्या सीए-१ या पट्ट्यात दोन वाटांनी माहिती येते: शेजारच्या सीए-३ या पट्ट्याकडून आधी साठलेली, आणि हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सकडून आत्ता समोर असलेली. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की थीटाच्या लाटांवर स्वार होणाऱ्या, तिच्याहून वेगवान अशा गॅमा लयींपैकी संथ गॅमा सीए-१ ला सीए-३ शी जोडते आणि जलद गॅमा एन्टोऱ्हायनलशी. वाट निवडायची वेळ आली की कपाळामागचा प्रीफ्रंटल भागही त्याच थीटाशी ताल जुळवतो. नवे काही आढळल्याची खबर मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींकडे जाते आणि डोपामिनमुळे ठसा टिकायला मदत होते. माणसातही थीटा आहे, मात्र बरीचशी संथ. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये ती नोंदली गेली आहे. मायच्या बाबतीत पाहणारे, ओळखणारे, वाट निवडणारे भाग जागेवर होते. ते सारे ज्या सांध्यावर एकत्र येतात तो काही तासांपुरता बंद पडला असावा, असे मला त्या व्हरांड्यात उभे राहून वाटले.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास प्रश्नांमधले अंतर वाढले. सात वाजता माय कोणाला न विचारता उठल्या, वळणावरच्या माठातून पेलाभर पाणी घेतले आणि आपल्याच खाटेवर परत येऊन बसल्या. सून रडू लागली.

तिसऱ्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ भागात एक ठिपका दिसला, जेमतेम दोन मिलिमीटरचा. असे ठिपके पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाहीत आणि पुढे पुसले जातात, म्हणून मुद्दाम थांबलो होतो. नातेवाइकांना तो दाखवताना मी सांगितले की हा आजार सहसा पुन्हा होत नाही, पण त्या दिवसाचे हरवलेले तास परत मिळणार नाहीत.

घरी जाताना माय आपला डावा तळहात उन्हात धरून पाहत होत्या. शाई दोन दिवसांत फिकट झाली होती, "आत्याबाई" एवढेच वाचता येत होते. त्यांनी सुनेला विचारले, "हाई कोनी लिखं?" सुनेने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी मायला विचारले की हे याआधी कधी विचारले होते का. "नही," त्या म्हणाल्या, "आज पहिलांदाच देखी ऱ्हायनू." सुनेने त्यांचा हात हातात घेतला आणि प्रकाशाच्या घाटापासून सारे सांगायला सुरुवात केली.